सॉफ्टवेअर लायब्ररीची पुनर्स्थापना आणि प्रक्षेत्र चाचणीच्या नोंदींची सुरक्षितता

पश्चिम बंगालमधील बराकपूरजवळ नीलगंज येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची केंद्रीय ज्यूट व संबंधित तंतू संशोधन संस्था आहे. ज्यूट, अंबाडी वर्गातील मेस्टा, महाराष्ट्रात हिरवळीच्या खतासाठी पेरला जाणारा ताग, रॅमी आणि घायपात या तंतुपिकांवर तेथे संशोधन होते. पश्चिम बंगालमधील बुदबुद, उत्तर प्रदेशातील प्रतापगढ, आसाममधील सोरभोग आणि ओडिशातील बामरा येथे संस्थेची उपकेंद्रे आहेत. अखिल भारतीय जाळे प्रकल्पाद्वारे अनेक राज्यांतील चाचण्यांचा समन्वयही बराकपूर येथून केला जातो. महाराष्ट्राचा या कार्याशी जवळचा संबंध आहे. बंगालमध्ये तंतूसाठी पेरल्या जाणाऱ्या ज्यूटचे बियाणे मोठ्या प्रमाणावर महाराष्ट्र व आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांच्या शेतांवर तयार होते.

जेथे अनेक ठिकाणच्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र तपासावयाची असते, तेथे प्रत्येक ठिकाणच्या संगणकाने एकाच आकड्यांचे एकच उत्तर देणे आवश्यक असते. अशा विश्लेषणासाठी ‘आर’ ही विनामूल्य संगणक प्रणाली आज संशोधन केंद्रे, कृषी विद्यापीठे आणि काही कृषी विज्ञान केंद्रांमध्येही वापरली जाते. हंगामाच्या मध्यावर या प्रणालीतील एखादी लायब्ररी पुसली गेली किंवा बिघडली, तर ती पुन्हा बसविणे हे वरकरणी दहा मिनिटांचे काम आहे. परंतु ते काम अर्धवट समजून केल्यास शेतातील वाफे आणि कागदावरील उपचार यांची जोडणीच बदलू शकते. प्रस्तुत लेखात लायब्ररी पुन्हा बसविण्याची रीत आणि त्यानंतर करावयाची पडताळणी या दोन्हींचा विचार केला आहे.

(लेखातील संगणकीय आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीतच लिहाव्यात.)

लायब्ररी, पॅकेज आणि पॅकेज मॅनेजर

वारंवार लागणारी गणिते प्रत्येक वेळी नव्याने लिहावी लागू नयेत म्हणून ती एकत्र बांधून ठेवलेली असतात. अशा तयार संचाला व्यवहारात पॅकेज किंवा लायब्ररी म्हणतात. ‘आर’मध्ये या दोन शब्दांत थोडा फरक आहे. गणितांचा संच म्हणजे पॅकेज, आणि अशी पॅकेजेस ज्या फोल्डरमध्ये ठेवली जातात तो फोल्डर म्हणजे लायब्ररी. कृषी संशोधनात परिचित असलेले ‘ॲग्रीकोले’ हे पॅकेज पेरू देशातील फेलिपे दे मेंडिबुरू यांनी तयार केले. यादृच्छिक गट रचनेचा आराखडा काढणे, उपचारांच्या सरासरींची तुलना करणे, किमान सार्थक फरक म्हणजेच सी.डी. काढणे ही कामे त्याद्वारे होतात.

एक पॅकेज सहसा एकटे चालत नाही. ते इतर पॅकेजेसवर अवलंबून असते. हे अवलंबित्व सांभाळणारी व्यवस्था म्हणजे पॅकेज मॅनेजर. कोणते पॅकेज हवे, त्याची कोणती आवृत्ती उपलब्ध आहे, त्यासोबत आणखी काय लागते आणि ते कोठे ठेवावयाचे, हे सर्व तो पाहतो. ‘आर’मध्ये हे काम ‘इन्स्टॉल.पॅकेजेस’ ही आज्ञा करते आणि ती ‘क्रॅन’ या अधिकृत भांडारातून पॅकेज आणते. पायथन भाषेसाठी ‘पिप’ व ‘कॉन्डा’ आहेत. डेबियन, उबुंटू आणि सी-डॅकची ‘बॉस’ या लिनक्स प्रणालींमध्ये ‘ॲप्ट’ हा पॅकेज मॅनेजर आहे.

बियाण्याच्या व्यवहाराशी परिचित असलेल्यांना ही व्यवस्था समजणे कठीण नाही. १९७७ मध्ये प्रसारित झालेल्या जेआरओ ५२४ या ज्यूट वाणाचे बियाणे बंगालच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचते, ते पैदासकार, पायाभूत आणि प्रमाणित या टप्प्यांतून. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळी, पायाभूत बियाण्याला पांढरी आणि प्रमाणित बियाण्याला निळी खूणचिठ्ठी असते. पिशवीतील दाणे डोळ्यांना सारखेच दिसले, तरी शेतकरी खूणचिठ्ठी पाहूनच खरेदी करतो. ‘ॲप्ट’ही भांडाराची डिजिटल स्वाक्षरी तपासतो आणि उतरवलेल्या फाइलचे गणिती ठसे जुळवून पाहतो. त्यामुळे हरवलेली एखादी फाइल अनोळखी संकेतस्थळावरून उतरवून फोल्डरमध्ये टाकणे म्हणजे खूणचिठ्ठी नसलेले सुटे बियाणे पेरण्यासारखे आहे. ती फाइल चालेलही. परंतु ती कोणत्या आवृत्तीची आहे आणि तिच्यासोबत आणखी काय आले, हे कोणालाही सांगता येणार नाही.

लायब्ररी का बिघडते?

बिघाडाची कारणे प्रामुख्याने पाच आहेत.

१. जागा मोकळी करताना लायब्ररीचा फोल्डर चुकून पुसला जातो.

२. पॅकेज बसत असताना वीज जाते किंवा इंटरनेट तुटते आणि काम अर्धवट राहते.

३. ‘आर’चे एक सत्र उघडे असतानाच तेच पॅकेज दुसऱ्या सत्रातून बदलले जाते. विंडोज प्रणालीत वापरात असलेली फाइल बदलता येत नाही. परिणामी काही फाइली जुन्या व काही नव्या, अशी सरमिसळ होते.

४. मूळ प्रणाली बदलते. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ‘आर’ ४.०.० या आवृत्तीसाठी पूर्वीची सर्व पॅकेजेस पुन्हा बसवावी लागली.

५. पॅकेज मूळ भांडारातूनच काढले जाते. नकाशे व भौगोलिक माहितीसाठी अनेक वर्षे वापरात असलेली ‘आरजीडाल’, ‘आरजिऑस’ आणि ‘मॅपटूल्स’ ही पॅकेजेस ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘क्रॅन’च्या चालू यादीतून निघाली. त्यांचे काम आता मुख्यतः ‘एसएफ’ आणि ‘टेरा’ ही पॅकेजेस करतात. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या ‘एनपीएम’ भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या निर्मात्याने काढून घेतले, तेव्हा त्यावर अवलंबून असलेले जगभरातील अनेक प्रकल्प अडले होते. अवलंबित्व किती खोलवर असते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

आधी संदेश वाचावा

लाल अक्षरांतील संदेश दिसताच संपूर्ण प्रणाली काढून टाकून नव्याने बसविण्याची घाई केली जाते. बहुतेक वेळा त्याची आवश्यकता नसते. संदेशातच निदान असते.

‘या नावाचे पॅकेज नाही’ असा संदेश आल्यास पॅकेज पुसले गेले आहे किंवा प्रणाली ते चुकीच्या फोल्डरमध्ये शोधत आहे. ‘लेझी-लोड डेटाबेस करप्ट’ असा संदेश फाइलींची सरमिसळ दर्शवितो. अशा वेळी ‘आर’ पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे. अनेकदा तेवढ्याने भागते, न भागल्यास ते एकच पॅकेज पुन्हा बसवावे. ‘लॉक’ हा शब्द असलेल्या तक्रारीचा अर्थ मागील काम अर्धवट राहिले असा असतो. लायब्ररीच्या फोल्डरमध्ये ‘००लॉक’ अशा नावाचा फोल्डर मागे राहिलेला असतो. पॅकेज बसविण्याचे दुसरे कोणतेही काम चालू नसल्याची खात्री करून तो काढावा. पॅकेज ‘आर’ ४.०.० पूर्वी बसविले असल्याचा संदेश आला, तर बिघाड पॅकेजमध्ये नसून आवृत्तींच्या विसंगतीत आहे.

पुनर्स्थापनेची रीत

पहिली पायरी नोंदीची आहे. काहीही पुसण्यापूर्वी ‘सेशनइन्फो’ ही आज्ञा देऊन ‘आर’ची आवृत्ती व वापरातील पॅकेजेसच्या आवृत्त्या एका फाइलमध्ये जतन कराव्यात. बिघडलेल्या पॅकेजची आवृत्ती ‘पॅकेजव्हर्जन’ या आज्ञेने कळू शकते. ती तेथे मिळाली नाही, तर जुन्या अहवालात किंवा पूर्वी जतन केलेल्या निकालात शोधावी. चाचणीची आकडेवारी, आराखड्याची फाइल आणि आज्ञांची फाइल यांची प्रत स्वतंत्र पेनड्राइव्हवर घ्यावी.

दुसरी पायरी जागा निश्चित करण्याची आहे. एकाच संगणकावर पॅकेजेसचे दोन फोल्डर असू शकतात: एक संपूर्ण संगणकासाठी आणि दुसरा वापरकर्त्याचा स्वतःचा. ‘लिबपाथ्स’ या आज्ञेने ते दिसतात. एका फोल्डरमध्ये पॅकेज नव्याने बसविले आणि प्रणाली दुसऱ्या फोल्डरमधील बिघडलेली प्रत उघडत राहिली, तर कितीही वेळा बसविले तरी दोष जात नाही.

तिसरी पायरी प्रत्यक्ष पुनर्स्थापनेची आहे. ‘आर’ची सर्व सत्रे बंद करावीत. नवे सत्र उघडून, संबंधित पॅकेज न वापरता, ‘रिमूव्ह.पॅकेजेस’ने ते काढावे व ‘इन्स्टॉल.पॅकेजेस’ने पुन्हा बसवावे. मात्र ‘इन्स्टॉल.पॅकेजेस’ सर्वांत नवी आवृत्ती आणते, हे लक्षात ठेवावे. हंगामाच्या मध्यावर जुनीच आवृत्ती हवी असल्यास ‘रिमोट्स’ पॅकेजमधील ‘इन्स्टॉल_व्हर्जन’ ही आज्ञा वापरावी. चालू यादीतून निघालेल्या पॅकेजेसच्या जुन्या आवृत्त्याही ‘क्रॅन’च्या संग्रहात मूळ रूपात मिळतात. त्यांपैकी काही विंडोजवर बसविण्यासाठी ‘आरटूल्स’ हा साधनसंच आधी बसवावा लागतो.

लिनक्समध्ये पॅकेज ज्या मार्गाने आले, त्याच मार्गाने दुरुस्त करावे. ‘ॲप्ट’ने आलेले पॅकेज ‘ॲप्ट इन्स्टॉल’ या आज्ञेला ‘रीइन्स्टॉल’ हा पर्याय जोडून पुन्हा बसवावे. मधेच थांबलेले काम ‘डीपीकेजी कॉन्फिगर’ने पूर्ण होते आणि तुटलेली अवलंबित्वे ‘फिक्स-ब्रोकन’ या पर्यायाने जुळविता येतात. येथे एक बाब ध्यानात ठेवावी. वापरकर्त्याने पुसलेली मांडणीची फाइल, म्हणजे कॉन्फिगरेशन फाइल, साध्या पुनर्स्थापनेने परत येत नाही. ती हेतुपुरस्सर काढली असावी असे प्रणाली गृहीत धरते. पायथनमध्ये ‘पिप इन्स्टॉल’ला ‘फोर्स-रीइन्स्टॉल’ हा पर्याय आणि आवृत्तीचा क्रमांक जोडावा व शेवटी ‘पिप चेक’ने सुसंगती पाहावी.

पॅकेज बसले, पण उत्तर तेच आहे का?

पॅकेज कोणत्याही तक्रारीविना उघडले की काम संपले असे समजले जाते. खरी पडताळणी येथून पुढे सुरू होते. पुढील उदाहरणावरून तिचे महत्त्व स्पष्ट होईल.

यादृच्छिक गट रचनेत कोणत्या वाफ्यात कोणता उपचार यावा, हे संगणक सोडत काढल्याप्रमाणे ठरवितो. तीच सोडत पुन्हा मिळावी म्हणून आज्ञांमध्ये एक आरंभ-अंक दिला जातो. त्यास ‘सीड’ म्हणतात. एकच आरंभ-अंक दिल्यावर नेहमी एकच आराखडा मिळेल, अशी सर्वांची धारणा असते. परंतु एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या ‘आर’ ३.६.० या आवृत्तीत सोडत काढण्याची अंतर्गत पद्धत बदलली. फार मोठ्या संख्यांमधून निवड करताना जुन्या पद्धतीत किंचित पक्षपात होत असे, तो दूर करण्यासाठी हा बदल करण्यात आला. बदल योग्यच होता. परंतु त्यामुळे त्याच आरंभ-अंकाचे उत्तर बदलले.

दहा उपचारांसाठी १२३ हा आरंभ-अंक देऊन ‘सॅम्पल’ ही आज्ञा चालविल्यास वाफा क्रमांक १ ते १० मध्ये अनुक्रमे पुढील उपचार येतात.

जुनी पद्धत (३.६.० पूर्वी): ३, ८, ४, ७, ६, १, १०, ९, २, ५

नवी पद्धत (३.६.० पासून): ३, १०, २, ८, ६, ९, १, ७, ५, ४

दहापैकी केवळ पहिला आणि पाचवा वाफा जुळतो. ‘ॲग्रीकोले’मधील आराखडा काढणाऱ्या आज्ञाही सोडतीसाठी आतून हीच ‘सॅम्पल’ आज्ञा वापरतात.

समजा, जुन्या संगणकावर काढलेल्या आराखड्यानुसार पेरणी झाली. ज्यूटचे पीक कापणीस येण्यास सुमारे १०० ते १२० दिवस लागतात. त्या काळात संगणक बिघडला, नव्या संगणकावर नवी ‘आर’ प्रणाली व पॅकेज बसविले आणि आराखड्याची फाइल सापडेना म्हणून त्याच आरंभ-अंकाने तो पुन्हा काढला. आता दुसऱ्या वाफ्यातील उत्पादन शेतात आठव्या उपचाराचे आहे, पण कागदावर ते दहाव्या उपचाराच्या नावे पडेल. दहाव्या उपचाराचे खरे उत्पादन, जे सातव्या वाफ्यात आहे, ते पहिल्या उपचाराच्या खात्यात जाईल. संगणक कोणतीही तक्रार करणार नाही. विचरण विश्लेषणाचा तक्ता नेहमीसारखाच छापून येईल. उपचारांतील खरा फरक मात्र पुसट होईल आणि एखादे चांगले वाण किंवा खताची योग्य मात्रा ‘सार्थक फरक नाही’ या शेऱ्यासह बाजूला पडेल. एका हंगामाची मजुरी, खते आणि शेतकऱ्याने दिलेली जमीन वाया जाईलच. शिवाय चुकीची शिफारस पुढील हंगामात शेतकऱ्यांपर्यंत पोहोचेल.

यावरील उपाय सोपा आहे. आराखडा एकदाच काढावा, तो फाइल स्वरूपात जतन करावा, त्याची छापील प्रत प्रक्षेत्र नोंदवहीत चिकटवावी आणि प्रत्येक वाफ्याच्या खुंटीवरील पाटीवर उपचार क्रमांक लिहावा. संगणक आणि खुंटी यांत विसंगती आढळल्यास पेरणीच्या वेळी तपासलेली खुंटी व नोंदवही प्रमाण मानावी. जुना आराखडा पुन्हा काढणे अटळच असेल, तर ‘आरएनजीकाइंड’ या आज्ञेत ‘सॅम्पल.काइंड’साठी ‘राउंडिंग’ हा पर्याय देऊन जुनी पद्धत चालू करता येते. त्यावर प्रणाली सावधानतेचा इशारा देते. तो अपेक्षित आहे. असा आराखडाही शेतातील किमान काही खुंट्यांशी प्रत्यक्ष ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये.

उत्तराची पडताळणी

मृदा तपासणी प्रयोगशाळेत उपकरण दुरुस्त झाल्यावर प्रथम ज्ञात नमुना तपासला जातो. येथेही तीच पद्धत ठेवावी. ‘ॲग्रीकोले’ पॅकेजमध्ये रताळ्याच्या उत्पादनावर विषाणूंच्या परिणामाची आकडेवारी ‘स्वीटपोटॅटो’ या नावाने आधीच दिलेली आहे. त्यात चार उपचार व तीन पुनरावृत्ती आहेत. उत्पादनावर विषाणू-उपचाराचे विचरण विश्लेषण करून ‘एलएसडी.टेस्ट’ चालविल्यास एकूण सरासरी २७.६२५, विचरण गुणांक सुमारे १७.१७ टक्के आणि ५ टक्के पातळीवरील सी.डी. सुमारे ८.९३ मिळावयास हवी. निरोगी पिकाची सरासरी ३६.९, तर दोन्ही विषाणूंची लागण झालेल्या पिकाची १२.८७ येते.

‘आर’च्या मूळ गणितांसाठी ‘एनपीके’ ही वाटाण्याच्या खत चाचणीची २४ वाफ्यांची आकडेवारी उपयोगी आहे. गट आणि तीनही अन्नद्रव्यांचे परस्परपरिणाम धरून केलेल्या विश्लेषणात नत्राचे एफ-मूल्य १२.२६ आणि पालाशचे ६.१७ येते. हे आकडे जुळल्यास गणिताचा पाया शाबूत आहे असे समजावे. त्यानंतर स्वतःच्या केंद्राच्या मागील वर्षीच्या एका पूर्ण झालेल्या चाचणीचे विश्लेषण पुन्हा करावे आणि छापील अहवालाशी ताडावे. ते जुळेपर्यंत चालू हंगामाची आकडेवारी नव्या संगणकावर घेऊ नये.

केंद्रांसाठी कायमची शिस्त

लायब्ररी बिघडणे टाळता येईलच असे नाही. तिच्यामुळे होणारे नुकसान मात्र टाळता येते. त्यासाठी पुढील बाबी पाळाव्यात.

• प्रत्येक चाचणीच्या फोल्डरमध्ये आवृत्त्यांची यादी ठेवावी. ‘आर’मधील ‘आरएनव्ही’ हे पॅकेज ‘स्नॅपशॉट’ने अशी यादी करते आणि ‘रिस्टोअर’ने त्याच आवृत्त्या परत बसविते. पायथनमध्ये ‘पिप फ्रीझ’ने यादी मिळते.

• पेरणीपासून अहवाल सादर होईपर्यंत त्या चाचणीपुरत्या आवृत्त्या बदलू नयेत. नवी आवृत्ती हंगाम संपल्यावर, पडताळणी करून घ्यावी.

• इंटरनेट अनियमित असलेल्या केंद्रांनी वापरातील ‘आर’ आणि पॅकेजेसच्या स्थापनेच्या फाइली एका पेनड्राइव्हवर जतन करून ठेवाव्यात.

• अहवालाच्या शेवटी प्रणाली व पॅकेजची आवृत्ती नमूद करावी. ज्याप्रमाणे वाणाचे नाव व बियाण्याचा लॉट क्रमांक लिहिला जातो, त्याचप्रमाणे ही नोंदही चाचणीचा भाग मानावी.

• शेतकऱ्यांच्या शेतावरील चाचणीत आराखड्याची एक प्रत त्या शेतकऱ्याकडेही द्यावी. संगणक, पेनड्राइव्ह आणि कार्यालयातील नोंदवही यांपैकी काहीही उपलब्ध नसले, तरी त्याच्या घरातील एक कागद चाचणी वाचवू शकतो.

पॅकेज मॅनेजर हरवलेली लायब्ररी काही मिनिटांत परत आणतो. मात्र कोणत्या वाफ्यात काय पेरले होते हे त्याला ठाऊक नसते. ती माहिती शेत, खुंटी आणि नोंदवही यांच्याकडेच असते. म्हणून पुनर्स्थापनेचे काम पॅकेज उघडल्यावर संपले असे न मानता, ज्ञात आकडेवारीचे उत्तर आणि शेतातील खुंट्या या दोहोंशी मेळ बसल्यावरच पूर्ण झाले असे मानावे.